भाडेकरूची पारख

मारेगावासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या कुटुंबाने आयुष्याच्या बचतीतून घर बांधले, त्यातील मागच्या अंगणाकडच्या दोन खोल्या भाड्याने देण्याचे ठरविले आणि ही गोष्ट चार लोकांच्या कानावर घातली, म्हणजे आठ-पंधरा दिवसांत निरनिराळ्या स्वभावांची माणसे दारी येऊ लागतात. त्यांपैकी पहिला गृहस्थ नीटनेटक्या वेषात, नव्या मोटारसायकलवरून येतो. "काका, किराया तुम्ही म्हणाल तो," असे नम्रपणे सांगतो, खोल्यांवरून नुसती नजर फिरवितो आणि उद्याच सामान आणण्याची तयारी दर्शवितो. दुसरी असते ग्रामीण रुग्णालयात नुकतीच बदलून आलेली परिचारिका. नळ कोणत्या वेळी येतो, विजेचे मीटर स्वतंत्र आहे काय, पावसाळ्यात छत गळते काय, याची ती बारकाईने चौकशी करते. भाड्यातून पाचशे रुपये कमी करा म्हणते आणि अनामत रकमेपैकी अर्धी पगार झाल्यावर देईन असे सांगते. घरमालकाचे मन बहुधा पहिल्याकडे झुकते, कारण तो अडवणूक करीत नाही. आणि पुढे भाड्याची तारीख उलटून दोन-दोन महिने तगादा लावण्याची पाळी येते, तीही पुष्कळदा अशाच 'सोप्या' माणसाच्या बाबतीत. जो सर्वांत सोपा वाटला तोच सर्वांत अवघड का ठरावा, हे कोडे केवळ नशिबावर ढकलण्यासारखे नाही. त्यामागे माणसाच्या व्यवहाराचे काही नियम आहेत आणि ते समजून घेतल्यास भाडेकरूची निवड ही अंदाजाची बाब न राहता विचाराची बाब होऊ शकते.

वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मारेगाव हे तालुक्याचे ठाणे असल्यामुळे तेथे भाडेकरूंची आवक कधी खंडित होत नाही. तहसील कचेरी, पंचायत समिती, रुग्णालय, बँका आणि शाळा यांत बदलीवर येणारे नोकरदार, भोवतालच्या खेड्यांतून आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, शिक्षणासाठी येणारी मुले-मुली, वणी परिसरातील कोळशाच्या खाणींशी निगडित अशा वाहतुकीवर किंवा कंत्राटावर काम करणारे लोक, आणि शेतीच्या हंगामावर पोट असणारी कुटुंबे, अशा सर्वांना डोक्यावर छप्पर हवे असते. यांपैकी प्रत्येकाच्या उत्पन्नाची रीत निराळी आणि मुक्कामाची मुदतही निराळी. म्हणूनच एकाच ठोकताळ्याने सर्वांना मोजू जाणारा घरमालक स्वतःही फसतो आणि चांगल्या माणसावर अन्यायही करतो.

एकालाच ठाऊक असलेली गोष्ट

या कोड्याचे मूळ असे आहे की, भाडेव्यवहारात दोन पक्षांजवळ सारखी माहिती नसते. आपण भाडे वेळेवर देणार की नाही, खोली जपून वापरणार की नाही, मुदत संपताच निघणार की नाही, हे येणाऱ्याला बरेचसे ठाऊक असते. घरमालकाला त्यातले काहीच ठाऊक नसते. उलटपक्षी छत गळते, विहीर उन्हाळ्यात आटते, शेजारी भांडखोर आहे, या गोष्टी घरमालकाला ठाऊक असतात आणि येणाऱ्याला नसतात. अर्थशास्त्रात या स्थितीला विषम माहिती असे म्हणतात. जॉर्ज अकेर्लॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, खरेदीदाराला चांगला माल आणि वाईट माल यांतील फरक कळत नसला, तर तो सर्वच मालाला मधली किंमत देऊ करतो, ती किंमत न परवडल्यामुळे चांगल्या मालाचा धनी बाजारातून निघून जातो आणि मागे वाईट तेवढे उरते. या विचारसरणीबद्दल त्याला मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हाच न्याय खोलीच्या भाड्याला लावून पाहा. फसवणुकीच्या भीतीने घरमालक भाडे वाढवून सांगतो, किंवा सहा महिन्यांची अनामत एकदम मागतो. त्याची समजूत अशी की, जास्त पैसे मोजणारा माणूस अधिक भरवशाचा असेल. प्रत्यक्षात प्रामाणिक माणूस आपल्या पगाराकडे पाहतो, दर महिन्याला हा आकडा खरोखर भरावा लागणार हे त्याला माहीत असते, म्हणून तो घासाघीस करतो आणि न जमल्यास दुसरीकडे जातो. ज्याच्या मनात भाडे देण्याचा निश्चय नाही त्याला मात्र कोणताही दर चालतो. जे द्यावयाचेच नाही ते चार हजार असले काय आणि सहा हजार असले काय, त्याला सारखेच. म्हणजे दर चढविल्याने चांगली माणसे गळतात आणि धोक्याची माणसे राहतात. घासाघीस न करणारा प्रत्येक माणूस लबाड असतो असे मुळीच नाही. परंतु त्याची नम्रता हा त्याच्या भरवशाचा पुरावा नव्हे आणि परिचारिकेची चिकित्सा हा तिच्या कटकटीपणाचा पुरावा नव्हे, एवढे मात्र निश्चित. नळाची वेळ विचारणारी बाई तेथे दीर्घकाळ राहण्याचा विचार करीत असते.

अशा स्थितीत ज्याला माहिती नाही त्याने योग्य प्रश्न विचारून आणि योग्य कागद पाहून ती मिळवावी, हाच या दुखण्यावरचा उपाय होय. आणि भाडेकरूची पारख म्हणजे मूलतः एवढेच.

ऐपत, सवय आणि वापर

पारख करावयाची ती कशाची, हे आधी ठरले पाहिजे. मारेगावच्या शेतकऱ्याला हे सांगण्याची आवश्यकता नाही, कारण दरसाल तो कापसाची गाडी घेऊन जिनिंगच्या फाटकाशी उभा राहतो. तेथे माल पाहणारा गाडीच्या वरच्या थरावर विसंबत नाही. तो आतवर हात घालून मूठभर कापूस काढतो, धागा ओढून त्याची लांबी पाहतो, ओलावा ८ टक्क्यांच्या आत आहे की वर गेला आहे हे तपासतो आणि त्यावर भाव ठरवितो. गाडीला जुंपलेल्या बैलांचा रंग कोणता, गाडीवानाचे गाव कोणते आणि त्याचे आडनाव काय, यावर कापसाची प्रत ठरत नाही. भाडेकरूच्या बाबतीतही ज्या गुणांशी आपला व्यवहार आहे तेवढेच तपासावेत. आणि ते गुण तीन आहेत.

पहिला गुण ऐपत, म्हणजे भाडे देण्याइतके उत्पन्न आहे काय. दुसरा सवय, म्हणजे उत्पन्न असूनही देणे वेळेवर चुकते करण्याची रीत आहे काय. तिसरा वापर, म्हणजे घर आणि शेजार यांच्याशी तो कसा वागतो. हे तीन गुण परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मोठ्या पगाराचा अधिकारी भाडे थकवू शकतो आणि अल्प मिळकतीचा शिंपी दर महिन्याच्या पाच तारखेला बिनबोभाट पैसे आणून देऊ शकतो. म्हणून एका गुणाच्या पुराव्यावरून दुसऱ्याचे अनुमान काढू नये. प्रत्येकासाठी वेगळा पुरावा मागावा.

ऐपतीच्या बाबतीत मिळकतीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाडे नसावे, असा साधारण ठोकताळा जगभर वापरतात. अमेरिकेत सरकारी साहाय्याच्या घरांसाठी भाडेकरूचा वाटा उत्पन्नाच्या ३० टक्के धरण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकापासून रूढ आहे. परंतु हा ठोकताळा मासिक पगारदाराला जसा चपखल बसतो तसा हंगामी मिळकतीच्या कुटुंबाला बसत नाही. कापसाची वेचणी सुरू झाली म्हणजे ज्यांच्या हाती पैसा खेळू लागतो आणि ऐन पावसाळ्यात ज्यांची ओढाताण होते, त्यांची वर्षाची एकूण मिळकत पाहून तिचे बारा भाग करावेत आणि वाटल्यास हंगामात दोन-तीन महिन्यांचे भाडे आगाऊ घेऊन पावसाळ्यातील महिन्यांची सवलत द्यावी, अशी बोली लेखी करून ठेवावी. असे केल्याने कागदावर अपात्र दिसणारे कुटुंब व्यवहारात उत्तम भाडेकरू ठरते. हंगामी मिळकत म्हणजे बेभरवशाची मिळकत, ही समजूत कापसावर जगणाऱ्या तालुक्याने तरी बाळगू नये.

कागद काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

नोकरदाराकडे नेमणुकीचा किंवा बदलीचा आदेश असतो, पगारपत्रक असते आणि ज्या खात्यात पगार जमा होतो त्या बँकेचे पासबुक असते. यांपैकी पासबुकाचे शेवटच्या सहा महिन्यांचे उतारे सर्वांत बोलके असतात, कारण पगारपत्रक केवळ येणारा पैसा दाखविते, तर पासबुक येणारा आणि जाणारा असे दोन्ही दाखविते. अलीकडे भाडे फोनवरून भरण्याची रीत खेड्यापाड्यांत पोहोचली असल्यामुळे आधीच्या घराचे भाडे कोणत्या तारखांना भरले याची नोंद पुष्कळांच्या खिशातच असते. 'वर्तणूक चांगली' असे मोघम लिहून दिलेल्या दाखल्यापेक्षा अशा बारा तारखांची रांग अधिक विश्वासार्ह होय, कारण दाखला हे मत आहे आणि तारीख ही घटना आहे.

शहरांतून हल्ली उमेदवाराचा कर्जफेडीचा अहवाल पाहण्याचा प्रघात पडू लागला आहे. कर्जाची परतफेड कोण कशी करतो याची नोंद ठेवणाऱ्या संस्था आपल्या देशात आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक व्यक्तीला आपला स्वतःचा अहवाल अशा प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. उमेदवाराने आपण होऊन तो दाखविला तर अवश्य पाहावा. पण दोन मर्यादा ओळखाव्यात. तो अहवाल कर्जाचे सांगतो, भाड्याचे नाही. आणि ज्याने कधी बँकेचे कर्जच घेतले नाही त्याच्या नावे काहीच नोंद नसते. नोंद नसणे आणि नोंद वाईट असणे यांत फार अंतर आहे, आणि ग्रामीण भागातील कित्येक सचोटीची माणसे पहिल्या प्रकारात मोडतात.

ओळखीच्या कागदांविषयीही एक पथ्य आहे. आधारपत्राची मूळ प्रत पाहून खातरजमा करावी. जवळ प्रत ठेवावयाची झाल्यास केवळ शेवटचे चार अंक दिसणारी प्रत चालते काय ते पाहावे आणि तिच्यावर 'भाडेकरारापुरती' असे लिहून तारीख घालावी. दुसऱ्याचे कागद आपल्याकडे विश्वासाने आलेले असतात. नाकारलेल्या उमेदवाराच्या प्रती त्याला परत कराव्यात किंवा नष्ट कराव्यात.

मागच्याच्याही मागचा घरमालक

सवय आणि वापर यांविषयी खरी साक्ष देणारा मनुष्य म्हणजे आधीचा घरमालक. परंतु येथे एक सूक्ष्म खोच आहे. आज ज्याच्या घरात उमेदवार राहत आहे त्या घरमालकाचा स्वतःचा स्वार्थ यात गुंतलेला असतो: भाडेकरू त्रासदायक असेल तर तो लवकर जावा म्हणून तो तोंड भरून स्तुती करण्याचा संभव असतो आणि भाडेकरू चांगला असेल तर तो जाऊ नये म्हणून हात आखडता घेऊन बोलण्याचाही संभव असतो. त्याच्याही आधीच्या घरमालकाला मात्र आता काही मिळवावयाचे अथवा गमवावयाचे नसते. म्हणून शहानिशा करावयाची ती शक्य तर त्याच्याकडे करावी. वणीहून किंवा पांढरकवड्याहून बदलून आलेल्या माणसाच्या बाबतीत एका दूरध्वनीने हे काम होते.

आणि विचारावे ते घटनेविषयी, मताविषयी नव्हे. 'माणूस कसा आहे?' या प्रश्नाला आपल्याकडे भिडेखातर 'चांगला आहे' हेच उत्तर मिळते. त्याऐवजी भाडे कोणत्या तारखेला मिळत असे, किती वेळा मागावे लागले, वीजबिल कोणी भरले, जाताना अनामतीतून काही कापावे लागले काय, आणि पुन्हा घर द्यावयाची वेळ आली तर त्यालाच द्याल काय, असे पाच प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाच्या वेळी पलीकडचा माणूस थबकला तर त्या थबकण्यातही उत्तर असते. जो तरुण पहिल्यांदाच घर सोडून आला आहे त्याला अर्थातच आधीचा घरमालक नसतो. त्याच्यासाठी शिक्षक, कामावरील वरिष्ठ किंवा जामीन राहण्यास तयार असलेला नातेवाईक यांची साक्ष घ्यावी.

देणे एका दिवसाचे, परत घेणे अनेक महिन्यांचे

एवढा खटाटोप आरंभीच कशासाठी, असे कोणी विचारील. याचे कारण असे की, किल्ली हाती देणे घरमालकाच्या इच्छेवर असते, परंतु ती परत घेणे केवळ त्याच्या इच्छेवर नसते. आणि हे योग्यच आहे, कारण कोणाचेही कुटुंब लहरीखातर रस्त्यावर येऊ नये. विदर्भात या बंधनाला मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची तीव्र टंचाई झाली असता मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९४६ च्या कायद्याखाली १९४९ साली घरे भाड्याने देण्याविषयीचा आणि भाडे नियंत्रणाचा हुकूम जारी केला. ज्या ठिकाणी तो लागू होता तेथे भाडेपट्टा संपविण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे आणि त्यानंतर पुन्हा दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे. तीन महिन्यांची थकबाकी, भाडे थकविण्याची नित्याची सवय, परस्पर पोटभाडेकरू ठेवणे, उपद्रव देणे अशी परवानगीची कारणे त्या हुकुमात नमूद होती. वाचक पाहतील की ही कारणे म्हणजे सवय आणि वापर यांचीच यादी होय. घरमालकाने आरंभी जे विचारावयाचे राहून गेले, तेच पुढे नियंत्रकापुढे सिद्ध करावे लागे.

त्याच हुकुमात आणखी एक विलक्षण तरतूद होती. रिकाम्या झालेल्या घराची वर्दी घरमालकाने सरकारी अधिकाऱ्याला देणे भाग असे आणि ते घर सरकारी नोकर, निर्वासित अशा गरजूंना नेमून देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला असे. म्हणजे एका काळी या प्रदेशात भाडेकरूची निवड घरमालकाच्या हातून काढून सरकारने आपल्याकडे घेतली होती. फाळणीने उखडलेल्या माणसांना छप्पर देण्याची निकड तशीच होती, हे विसरता येत नाही. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. विदर्भातील हा हुकूम, मुंबई इलाख्याचा १९४७ चा कायदा आणि मराठवाड्यातील हैदराबादचा १९५४ चा कायदा असे तीन निरनिराळे कायदे त्याने रद्द करून संबंध राज्यासाठी एकच कायदा केला. निवडीचा अधिकार पुन्हा घरमालकाकडे आला आणि त्यासोबत तो शहाणपणाने वापरण्याची जबाबदारीही आली. मात्र हा अधिनियम त्याच्या अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांना लागू होतो. आपले घर त्यात येते काय, हे वकिलाकडून समजून घ्यावे. तो लागू असो वा नसो, कुलूप बदलून किंवा पाणी-वीज तोडून भाडेकरूला हुसकावणे कायद्याला संमत नाही. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाप्रमाणे अशा रीतीने ताबा गमावलेला मनुष्य सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो.

अकरा महिन्यांचे रहस्य

निवड झाली म्हणजे तिचा उत्तरार्ध सुरू होतो, तो करारनाम्याचा. आपल्याकडे भाडेचिठ्ठी अकरा महिन्यांचीच का करतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे; ती टाळावी म्हणून मुदत वर्षाच्या आत ठेवण्याची युक्ती देशभर रुजली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या अधिनियमातील कलम ५५ ने या युक्तीचा आधारच काढून घेतला. त्या कलमान्वये मुदत कितीही असो, भाड्याचा किंवा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि तो तसा करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीकृत करार नसल्यास अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आणि कसूर करणाऱ्या घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. साध्या मुद्रांकावर सह्या करून कपाटात ठेवलेल्या कागदाला एवढे बळ नसते.

परवाना आणि भाडेपट्टा यांतील भेदही येथे समजून घ्यावा. भाडेपट्ट्याने जागेत काही मुदतीचा हक्क निर्माण होतो. परवान्याने केवळ राहण्याची अनुमती मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. नाव काहीही दिले तरी न्यायालय दोन्ही पक्षांचा खरा हेतू पाहते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगून ठेवले आहे. नोंदविलेल्या परवाना करारावर राहणाऱ्याने मुदत संपूनही घर सोडले नाही, तर १९९९ च्या अधिनियमाखाली घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि ताबा मिळेपर्यंतच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. या कराराचा खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाडे आणि अनामतीवरील वार्षिक १० टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. दरमहा ४,००० रुपये भाडे, १२,००० रुपये अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरल्यास ते सुमारे ११३ रुपये होते. नोंदणीची फी वेगळी. तरीही एका महिन्याच्या थकबाकीपुढे हा खर्च क्षुल्लक आहे.

पोलीस ठाण्यातील अर्ज

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याविषयीचे आदेश पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी वेळोवेळी काढतात. पूर्वी ते १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ त्या जागी आले आहे. असा आदेश साधारणतः दोन महिनेच टिकतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढला जातो. तो लागू असताना माहिती न देणे हा अपराध ठरतो. ठाण्यात जाऊन किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून ही माहिती देता येते आणि आदेश असो वा नसो, ती देणे हितावह आहे. मात्र तिच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नये. पोलिसांकडे माहिती दिल्याने माणसाची ओळख नोंदली जाते आणि गुन्ह्याचा काही पूर्वेतिहास असल्यास तो समजण्याचा मार्ग मोकळा होतो. भाडे वेळेवर मिळेल याची हमी त्यातून मिळत नाही.

जे विचारू नये

आता या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. ऐपत, सवय आणि वापर यांखेरीज आपल्या समाजात एक चौथी कसोटी न बोलता लावली जाते: जात कोणती, धर्म कोणता, बाई एकटी का राहते, मुलगा पोडावरून आला आहे काय. ही कसोटी अन्यायाची आहे, आणि शिवाय ती निरुपयोगीही आहे, कारण तिचा उपरोक्त तिन्ही गुणांशी काहीही संबंध नाही.

याचे महाराष्ट्राला ठाऊक असलेले सर्वांत दाहक उदाहरण १९१७ सालचे आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातून आणि लंडनहून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्याला गेले. राहण्यास जागा मिळेना, तेव्हा एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारून पाहिले, पण दोन्ही ठिकाणी काही ना काही अडचण निघाली; शेवटी कामाठी बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. नोकरी संस्थानाची, मिळकत निश्चित, वर्तन निष्कलंक: भाडेकरूला लावावयाच्या प्रत्येक खऱ्या कसोटीला उतरणारा मनुष्य एका खोट्या कसोटीने बेघर केला गेला. त्या दिवशी बडोद्याच्या घरमालकांची पारखच नापास झाली.

स्वतंत्र भारतात १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला वस्तीत राहण्याची जागा घेण्यास वा तीत राहण्यास प्रतिबंध करणे हा गुन्हा ठरविला. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश यांवरून घर नाकारण्यास मनाई केली आणि पुढे १९७४ साली लिंगभेदाचा, १९८८ साली अपंगत्वाचा आणि मुले असण्याचा त्यात समावेश झाला. तरीही दिल्लीच्या परिसरात संशोधकांनी निरनिराळ्या समाजांची नावे धारण केलेल्या उमेदवारांकरवी घरांची चौकशी करविली तेव्हा, बाकी सर्व माहिती सारखी असूनही, दलित आणि मुसलमान नावांना अधिक नकार मिळाले, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात नमूद आहे. कायदा घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबतो. त्यापुढचे काम घरमालकाच्या विवेकाचे आहे.

या दोषावर व्यवहारातला उपाय सोपा आहे. पहिला उमेदवार दारी येण्यापूर्वीच आपल्या अटी एका कागदावर लिहून काढाव्यात: भाडे किती, अनामत किती, कोणते कागद, कोणाची साक्ष. तोच कागद प्रत्येकाला दाखवावा, तेच प्रश्न सर्वांना विचारावेत आणि जो सर्वप्रथम सर्व अटी पूर्ण करील त्याला घर द्यावे. असे लिहून ठेवल्याने आपल्याच मनातील पूर्वग्रहाला वाव उरत नाही आणि नकार मिळालेल्या माणसालाही आपण कोणत्या अटीत कमी पडलो हे समजते. उमेदवारालाही घरमालकाची पारख करण्याचा तेवढाच अधिकार आहे, हे मान्य करून गळके छत आणि आटणारी विहीर आपण होऊन सांगावी. सांगितलेल्या दोषावरून भांडण होत नाही. लपविलेल्या दोषावरून होते.

थोडक्यात

• आरंभीच अटी लिहून काढा आणि सर्वांना त्याच लावा.
• ऐपतीसाठी पासबुक व नेमणुकीचा आदेश पाहा. हंगामी मिळकत वर्षभराची धरा.
• सवयीसाठी मागील भाड्याच्या तारखा पाहा.
• वापरासाठी मागच्याच्याही मागच्या घरमालकाला घटनांविषयी प्रश्न विचारा.
• भाडे किंवा अनामत भरमसाट वाढवून सुरक्षितता विकत मिळत नाही.
• करार लेखी करा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि प्रत्येक भाड्याची पावती द्या.
• पोलीस ठाण्यात माहिती द्या. पण तिला हमी समजू नका.
• जात, धर्म, वैवाहिक स्थिती यांविषयी विचारू नका.

ज्यांच्या दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागली आहे, त्यांना एवढीच विनंती की, येणारा माणूस कोण आहे हे विचारण्याची घाई करू नये. तो काय करतो, आजवर देणे कसे चुकते करीत आला आणि घर कसे राखील, हे चिकाटीने विचारावे. पहिल्या प्रश्नाने कित्येक चांगली माणसे दाराबाहेर राहतात आणि भाडे थकविणारा आत येतो. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांनी घरमालकाचे भाडेही सुरक्षित राहते आणि गावात नव्याने आलेल्या माणसाची अब्रूही.